एक वर्ष आणि अकरा दिवस

जून उलटला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बारीक चौकट यायला लागते. ऊर्ध्व वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सात नावं आणि प्रत्येकापुढे आजचा साठा, गेल्या वर्षी याच तारखेचा साठा, चोवीस तासांत पडलेला पाऊस. ही चौकट रोज वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी यातला एकही तलाव पाहिलेला नसतो. तरी ‘तुळशी भरला बरं का’ हे वाक्य लोकलच्या डब्यात घरातल्या बारशाच्या बातमीसारखं सांगितलं जातं.

त्या चौकटीतल्या आकड्यांचा एक साधा भागाकार करून पाहण्यासारखा आहे. सातही तलाव काठोकाठ भरले तर त्यांतला उपयुक्त साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. महापालिका शहराला रोज पुरवते साधारण ३,८५० दशलक्ष लिटर. भाग दिला की उत्तर येतं ३७६ दिवस. एक वर्ष आणि वर अकरा दिवस! तेही उन्हाने उडून जाणारं पाणी हिशेबात न धरता. एवढं मोठं महानगर, देशातला पैसा जिथून फिरतो ते, पुढच्या पावसाच्या भरवशावर अकरा दिवसांच्या शिलकीत जगतं. पाऊस पंधरवडाभर लांबला की दहा टक्के पाणीकपात का येते, याचं सगळं उत्तर त्या भागाकारात आहे.

तलाव सुटे धरले तर आणखी गंमत. तुळशीचं पाणी आजच्या मुंबईला दोन दिवस पुरेल. विहारचं एक आठवडा. तानसाचं पाच आठवड्यांहून थोडं जास्त. एकटा भातसा सहा महिने ओढून नेईल. यात विहारचा आकडा मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण एके काळी अख्ख्या मुंबईची तहान कायमची भागवायला म्हणून तोच एक तलाव बांधला होता.

त्याआधीची मुंबई विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी या नावांच्या जागी खरोखर पाणी होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वस्ती पाच लाखांच्या पुढे गेली आणि उन्हाळ्यात तळी तळाशी जाऊ लागली. हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंग्रज अभियंत्याने साष्टीच्या डोंगरात मिठी नदी अडवायची योजना मांडली. (कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही याच गृहस्थाचा.) १८६० मध्ये विहारचं पाणी लोखंडी नळांतून शहरात आलं. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माणसांचे लोंढे आले. १८६४ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर भरली. कायमची सोय म्हणून केलेला तलाव चार वर्षांत तोकडा पडला.

पुढचा सगळा इतिहास याच चालीवर चालतो. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. मधल्या काळात, १८९१ च्या सुमाराला, घाईघाईने पवईचा तलाव बांधला, पण त्याचं पाणी पिण्याजोगं निघेना, म्हणून तो चौकटीत नाही. शहराची हद्द १९५० मध्ये आणि मग १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली, आणि त्याच १९५७ मध्ये वैतरणेवरचं धरण पुरं झालं. त्याला नाव मिळालं एन. व्ही. मोडक या शहर अभियंत्याचं. मुंबईने खाडी ओलांडून पलीकडे वाढावं असं सुचवणाऱ्या १९४८ च्या बृहत् आराखड्यावरही अल्बर्ट मेयर यांच्यासोबत मोडकांचं नाव आहे. धरणाला अभियंत्याचं नाव देण्याची सद्बुद्धी आपल्याकडे फार वेळा होत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मग १९७३ ला ऊर्ध्व वैतरणा, १९८१ ला भातसा, २०१४ ला मध्य वैतरणा. शहर पाण्यासाठी आणखी लांब हात घालत गेलं: आधी साष्टी बेटातच, मग ठाणे जिल्ह्यात, मग थेट नाशिक जिल्ह्याच्या हद्दीत.

पण नळ आला म्हणून लोकांनी विहिरी लगेच सोडल्या, असं झालं नाही. ही गोष्ट फार कमी सांगितली जाते. नळाचं पाणी सरकारचं, विहिरीचं पाणी आपलं, आपल्या अंगणातलं, आपल्या जातीच्या हातचं, देवाच्या पूजेला चालणारं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात मलेरियाने उच्छाद मांडला, तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये अहवाल दिला की मलेरिया पसरवणारा डास गटारांत नव्हे, घराघरांतल्या स्वच्छ विहिरींत वाढतोय. महापालिकेने विहिरी बुजवायला आणि झाकायला सुरुवात केली तशा तक्रारींच्या राशी आल्या. हिंदूंना पूजेसाठी विहिरीचं पाणी हवं होतं आणि पारशांना उघड्या आकाशाखालचं. तडजोड म्हणून काही विहिरींवर जाळी आणि झडप बसवली गेली. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर त्या सगळ्यातून तगली. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिचं पाणी गोड आहे. आत प्रवेश मात्र पारशी लोकांनाच.

पाणी कुणी कुणाच्या हातचं घ्यायचं हा प्रश्न अर्थातच मुंबईपुरता नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडला तो सीताराम केशव बोले यांनी. गिरणी कामगारांत काम केलेला हा माणूस. त्याच ठरावाच्या आधारावर महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, ते कागदावरच राहिलं, आणि १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना लोकांना घेऊन तिथे जावं लागलं. कागदावर मिळालेलं पाणी आणि ओंजळीत आलेलं पाणी यांतलं हे अंतर पुढे मुंबईत वेगळ्या रूपात पुन्हा भेटणार आहे.

एक उपकथा इथेच सांगून टाकतो. तानसा आल्यावर शहरात पाणी धो धो आलं, पण ते बाहेर नेणारी गटारं त्या मानाने वाढली नाहीत. मांडवीसारख्या दाट वस्त्यांत जमीन कायम ओली राहू लागली. १८९६ च्या सप्टेंबरात तिथेच प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी. प्लेगचं खरं कारण उंदरांवरच्या पिसवा हे कळायला अजून काही वर्षं होती. त्या वेळच्या अनेकांनी दोष ओलसर जमिनीला दिला. निदान चुकीचं होतं, पण त्या धास्तीतून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला, रुंद रस्ते आले आणि बी.आय.टी. चाळी आल्या. मजल्यावरचा सामाईक नळ, त्याभोवतीची मोरी, पहाटेच्या कळशा आणि रांगेवरून होणारी, दुपारपर्यंत विसरली जाणारी भांडणं हे चाळीचं सगळं दैनंदिन नाटक त्या काळात आकाराला आलं.

आता पाण्याच्या वाटेने चालू. या वाटेचा पहिला टप्पा थक्क करणारा आहे, कारण त्यात जवळजवळ काहीच करावं लागत नाही. तानसा आणि मोडक सागर शहरापेक्षा उंचावर आहेत, त्यामुळे पाणी उताराने आपल्या पायांनी चालत येतं. पंप नाही, वीज नाही. भातसाचं पाणी मात्र पिसे इथे उचलावं लागतं आणि पांजरापूरला शुद्ध होऊन पुढे येतं. बाकीचा मोठा प्रवाह भांडुपला येतो. भांडुप संकुल हे आशियातल्या सर्वांत मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांपैकी एक. गढूळ पाण्यातला गाळ इथे खाली बसवतात, मग वाळूच्या थरांतून गाळतात आणि क्लोरीन देऊन पुढे सोडतात. इथून पुढचा बराच प्रवास बोगद्यांतून होतो. गुंदवलीहून भांडुपला येणारा बोगदा पंधरा किलोमीटरचा आहे. असे बोगदे सुमारे शंभर मीटर खोल, अखंड काळ्या खडकातून जातात. इतक्या खोलीवर वरच्या रस्त्यावर फुटलेल्या नळाचं खोदकाम आड येत नाही.

बोगद्यातून निघालेलं पाणी टेकड्यांवर चढून बसतं. मुंबईत उरलेल्या टेकड्या आपण हवा खायला जायच्या जागा समजतो. प्रत्यक्षात त्यांतल्या बऱ्याच जणींच्या पोटात पाणी आहे. मलबार हिलचं हँगिंग गार्डन हे एका अजस्र टाकीचं छप्पर आहे. माझगावच्या भंडारवाड्यावर काका बॅप्टिस्टांच्या नावाची बाग आहे, ते टिळकांचे सहकारी आणि १९२५ मधले महापौर. त्या बागेत संध्याकाळी बंदराकडे बघत बसणाऱ्यांच्या पायांखालीही टाकीच आहे. पाली हिल, वेरावली, घाटकोपर, रावळी, ट्रॉम्बे, मालाड अशा सत्तावीसच्या आसपास टाक्या रात्रीतून भरायच्या आणि दिवसभर पाळीपाळीने रिकाम्या करायच्या. शहराचं रोजचं रहाटगाडगं हे एवढंच.

पाळीपाळीने, कारण सगळीकडे एकदम पाणी सोडलं तर कुठेच दाब राहणार नाही. म्हणून शहराचे शेकडो तुकडे पाडलेत आणि प्रत्येक तुकड्याची वेळ ठरलेली. कुणाकडे पहाटे चारला, कुणाकडे दुपारी, कुणाकडे रात्री अकरा ते साडेबारा. ही वेळ ठरवतो कार्यालयातला अभियंता. ती आणतो मात्र चावीवाला.

त्याच्या हातातली चावी म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत येणारी लोखंडी टी. रस्त्यातलं बिडाचं झाकण उचलायचं, आत हात-दोन हात खाली दिसणाऱ्या चौकोनी टोकावर चावी बसवायची आणि दोन्ही हातांनी गोल फिरवायची. प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे ठरलेले. इथे बारा, तिथे अठरा, अमक्या ठिकाणी पूर्ण उघडायचाच नाही, नाही तर खालच्या गल्लीचं पाणी तुटतं. कित्येक व्हॉल्व्ह जुने आहेत, कुठला अडकतो, कुठला शेवटच्या दोन फेऱ्यांत खरोखर बंद होतो हे त्याच्या खांद्यालाच ठाऊक. काम झालं की झाकण पायाने सरकवून गाडी पुढच्या नाक्यावर. दोन फेरे कमी पडले तर नळाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत त्या दिवशी नुसती हवा येते. एवढ्या अजस्र यंत्रणेचा, धरणं, बोगदे, संगणकाच्या पडद्यावरचे आलेख या सगळ्याचा शेवटचा निर्णय एका माणसाच्या मनगटात आहे, याची मला मोठी गंमत वाटते. वस्तीतल्या बायका त्याला नावाने ओळखतात आणि पाणी आलं नाही की विभाग कार्यालयाआधी फोन त्याला जातो.

पाणी थांबतं तेव्हाही नळात काहीतरी घडतं. रिकाम्या नळातला दाब उतरतो, आणि नळाला कुठे चीर असेल, शेजारून गटार वाहत असेल, तर ती घाण आत ओढली जाते. म्हणून पहिली बादली गढूळ येते आणि जाणती बाई ती संडासात ओतते. वस्त्यांमध्ये अर्ध्या इंची नळांचे जुडगेच्या जुडगे गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेले दिसतात. त्यात धार बारीक झाली की कुणीतरी मोटर लावतो. त्याने ओढलं की शेजाऱ्याची धार तुटते, मग शेजारी मोटर आणतो. महिनाभरात गल्लीत दहा मोटरी घरघरत असतात आणि पाणी होतं तेवढंच असतं.

इथे पुन्हा एक भागाकार. रोजचं ३,८५० दशलक्ष लिटर पाणी २०११ च्या जनगणनेतल्या सव्वा कोटी माणसांत सारखं वाटलं तर माणशी तीनशे लिटर येतं. यात कारखाने, हॉटेलं, रुग्णालयं, गळती सगळं धरलंय हे खरं. तरीही तीनशे लिटर म्हणजे कुठल्याही सुखवस्तू शहराला शोभेल असा आकडा आहे. मुंबईत पाणी कमी आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की हा आकडा खोटा वाटतो. मग मानखुर्दच्या बाईला पन्नास लिटरच्या पिंपासाठी रात्री बाराला का जागावं लागतं?

उत्तराचा एक भाग नळाच्या टोकाचा आहे. गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग, देवनारच्या कचराभूमीला टेकलेल्या वस्त्या, या जाळ्याच्या शेवटाला येतात, आणि जाळ्यातल्या पाण्याचा दाब शेवटाला जाता जाता मरतो. दुसरा भाग महापालिकेच्या नियमाचा. इमारतीत राहणाऱ्यासाठी माणशी १३५ लिटर धरायचे, झोपडपट्टीत राहणाऱ्यासाठी ४५, असा मापदंड वर्षानुवर्षं चालत आला. तीन माणसांचं पाणी एकाला. झोपडीत नहाणीघर नसतं, संडास सार्वजनिक असतो, मग पाणी कमी लागतं, असा त्यामागचा हिशेब. पाणी कमी म्हणून मोरी नाही, मोरी नाही म्हणून पाणी कमी.

तिसरा भाग सर्वांत चमत्कारिक आहे, तो तारखांचा. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले. पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, मग १ जानेवारी २०००. या तारखेआधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा दाखवाल तर नळ, नाही तर नाही, असा नियम होता. पुरावा म्हणजे फोटोपास, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव. पुरावा जमला तरी एकट्याला जोडणी नाही. चार-पाच किंवा अधिक घरांनी गट करायचा, त्यातल्या एकाने सचिव व्हायचं, बिल त्याच्या नावावर. मग अर्ज, प्लंबर, खोदाईची परवानगी, आणि ओघाने नगरसेवकाच्या कार्यालयात दोन-चार खेपा. एका घराने बिलाचा वाटा दिला नाही की पाचांचं पाणी तुटायची पाळी. पुलाखालून, नाल्यावरून, जुन्या मोठ्या जलवाहिनीपासून घरापर्यंत पाइप ओढायचा खर्चही त्यांचाच. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही ते कॅनने, ड्रमने विकत घेतात आणि लिटरमागे उंच इमारतीतल्या माणसाच्या कैक पट पैसे मोजतात. मुंबईच्या पाण्यावर मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी ‘हायड्रॉलिक सिटी’ हे पुस्तक लिहिलंय. त्यातही ही पायपीट तपशिलाने येते.

ही पायपीट राजकारणात आणली ती मृणाल गोरे यांनी. १९६१ मध्ये त्या गोरेगावातून महापालिकेत निवडून आल्या. तिथली उपनगरं शहरात येऊन दशकही झालं नव्हतं, कर शहराचे आणि पाणी खेड्याचं अशी अवस्था होती. बायकांना घेऊन त्या अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन बसत. लोक त्यांना पाणीवाली बाईच म्हणू लागले. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीमें, दिल्लीवाली बाई पानीमें’ ही घोषणा गाजली. घरातल्या पिंपाचा प्रश्न देशाच्या निवडणुकीच्या घोषणेत जाऊन बसल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

त्या तारखांच्या अलीकडे राहिलेल्यांसाठी पाणी हक्क समिती ही संघटना उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. निकाल नीट वाचला तर त्यात हातचं राखलेलंही दिसतं. कायदा पाळून राहणाऱ्याच्या बरोबरीने पाणी मागण्याचा हक्क या लोकांना नाही, त्यांच्याकडून जास्त दर घेता येईल, असंही त्यात आहे. त्यानंतरही वस्त्यांना वर्षानुवर्षं अर्ज करत राहावं लागलं. रेल्वे, बंदर, वनखातं यांच्या जमिनीवरच्या वस्त्यांना त्या त्या खात्याचा ना हरकत दाखला मागितला जाई, आणि ती खाती कशाला दाखला देतात? २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणलं. चवदार तळ्याच्या ठरावासारखंच, धोरण आणि धार यांच्यामध्ये अजून बरीच वळणं आहेत.

तानसाच्या जलवाहिनीची गोष्ट यात विसरता येत नाही. मुलुंडकडून शहरात येणारे ते माणसाच्या उंचीहून मोठे, रंग उडालेले लोखंडी नळ रेल्वेतूनही दिसतात. त्यांच्या कडेला दशकानुदशकं वस्त्या होत्या. शहराचं पिण्याचं पाणी यांच्या भिंतीला घासून जात होतं आणि यांच्यातले कितीतरी जण हंडे घेऊन दुसरीकडे पाणी शोधत होते. नळाच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी करा, असा न्यायालयाचा आदेश आला. हजारो कुटुंबं उठवली गेली आणि मोकळ्या जागेवर सायकलमार्गाची योजना आली. यांतल्या पुष्कळांना घरं मिळाली माहुलला. तिथे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, आणि तिथली हवा माणसांना घातक असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की पर्यायी घर देता येत नसेल तर या लोकांना महिना १५,००० रुपये भाडं द्या. पाणी सुरक्षित करण्याच्या कामाचं बिल हवेच्या खात्यात निघालं.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला, धरणांकडे, काय आहे? शहापूर तालुका. तानसा, भातसा आणि वैतरणेचं खोरं असं मुंबईच्या पाण्याचं बहुतेक घर या तालुक्यात आणि त्याच्या शेजारी. इथे पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. मार्चनंतर इथल्याच पाड्यांवर टँकर फिरतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हा मथळा दर एप्रिलला छापून छापून गुळगुळीत झालाय, पण त्यामागचं कारण क्वचित सांगितलं जातं. सह्याद्रीचा कातळ पाणी धरत नाही. पाऊस पडतो तसा वाहून जातो, विहिरी डिसेंबर-जानेवारीत खडखडाट करतात. धरण दरीत असतं, पाडा वर सड्यावर. जे पाणी उताराने शंभर किलोमीटर फुकट जातं तेच दोनशे मीटर वर चढवायला पंप, वीज आणि देखभाल करणारा माणूस लागतो. शहराकडे जाणाऱ्या पाण्याला गुरुत्वाकर्षणाची साथ आहे आणि गावाकडे जाणाऱ्या पाण्याला जिल्हा परिषदेची.

आता वाडा तालुक्यात गारगाई नदीवर नवं धरण ठरलंय. रोज ४४० दशलक्ष लिटर मिळतील असा अंदाज आहे. सहा गावं आणि तानसा अभयारण्यातलं मोठं जंगल बुडेल. २०२० मध्ये झाडांसाठी म्हणून हा प्रकल्प बाजूला ठेवला, मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करू असं ठरलं, आणि काही वर्षांत गारगाईची फाइल पुन्हा वर आली. चारशे चाळीस म्हणजे आजच्या पुरवठ्याच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास. गळती आणि चोरी यांत जाणारं पाणी त्याहून जास्त आहे. त्यामुळे मला वाटतं, सहा गावं उठवण्याआधी शहराने आपल्या रस्त्यांखाली कान लावावा. हे शब्दशः म्हणतोय. रहदारी थंडावली की गळती शोधणारी माणसं लोखंडी सळई रस्त्यावर टेकवतात, तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावतात आणि खाली पाणी फुसफुसतंय का ते ऐकतात. सराव झालेल्या माणसाला पाण्याचा आणि लांबून जाणाऱ्या ट्रकचा आवाज वेगळा कळतो. तरी नळाच्या लोखंडातून आवाज पुढे सरकतो, त्यामुळे खोदलं एकीकडे आणि चीर निघाली चार हात पलीकडे, असंही होतं. आणि कधी कधी चीर सापडते तेव्हा तिच्यातून पाणी नुसतं मातीत जात नसतं. तिला रबरी नळ्या बांधलेल्या असतात, नाल्यापलीकडच्या आठ-दहा घरांत गेलेल्या. दुरुस्तीवाले नोंदवहीत ‘गळती बंद’ असं लिहून पुढच्या नाक्यावर जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरं प्लंबरच्या दारात उभी असतात.